मुकं ऊन

"उतारूंनी लक्ष द्यावं. दक्षिणेकडून एक वावटळ येऊन राहिलीय. ती विनाथांबा हाय. ज्यांच्या टोप्या असतील त्यांनी धराव्यात."

ही घोषणा मी पहिल्यांदा ऐकली तेव्हा फाट्यावर माझ्याशिवाय एकही उतारू नव्हता, आणि माझ्या डोक्यावर टोपीही नव्हती. लिंबाच्या झाडाला बांधलेल्या पत्र्याच्या भोंग्यातून हे सगळं मला एकट्याला सांगितलं जात होतं. मी दक्षिणेकडं पाहिलं. माळावरून खरोखरच एक वावटळ येत होती, दोन पुरुष उंच, पाचोळा आणि माती गरागरा फिरवत. शेडपर्यंत आली, माझ्या तोंडात मूठभर माती कोंबून रस्ता ओलांडून पलीकडं गेली. भोंगा पुन्हा खरखरला.

"वावटळ फाट्यावरून निघालेली हाय. कुणाचं काई सामान गेलं असल्यास कंट्रोलरला भेटावं."

मी भेटलो. माझं काही गेलं नव्हतं, पण असं बोलणारा माणूस दिसतो कसा ते बघायचं होतं.

शेडच्या कोपऱ्यात पत्र्याची खोली, तिला जाळीची खिडकी. खिडकीमागं खाकी कोटातला, पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पुढ्यात माईक, पायाशी जुन्या बसमधून काढलेली बॅटरी. त्यांनी आधी माझ्या कपाळाकडं पाहिलं, मग ओठांकडं, वैद्य बघतो तसं.

"कुठून आलाव?"

"कंधारहून. लातूरला चाललोय. नव्या जिल्ह्याच्या कचेरीत नेमणूक झालीय."

"मग बसा, नवा जिल्हा," ते म्हणाले. "गाडीला अवकाश हाय. पाणी प्या, पण गटागटा पिऊ नका. रांजणाखाली हात घालू नका, तिथं विंचू बसलेत. त्यांनाबी ऊन लागतंय."

हे गुरलिंगअप्पा. त्या दिवसापासून मी त्यांच्या तोंडी 'नवा जिल्हा' झालो तो कायमचा.

लातूर वेगळा जिल्हा झाला त्यानंतरचे ते उन्हाळे. कचेरीवरच्या पाट्या नव्या, टेबलांचं पॉलिश हाताला लागत होतं, आणि माठ मात्र कोरडे, कारण पावसानं ओळीनं दोन वर्षं पाठ फिरवली होती. मी शनिवारी घरी कंधारला जायचो आणि रविवारी दुपारी परतायचो. कंधारची गाडी मला या फाट्यावर सोडायची, लातूरची गाडी तासा-दोन तासांनी यायची. फाटा म्हणजे एक शेड, एक लिंब, महेबूबभाईंचं चहाचं हॉटेल आणि चारी बाजूंना माळ. आसपास गावं होती, पण ती खोलगटात वसलेली. फाट्यावर उभं राहिलं की जगात दुसरं कुणी नाही असंच वाटायचं. दुपारी बारानंतर तर महेबूबभाईही बोलायचे नाहीत. स्टोव्ह विझवून पोत्यावर पडायचे आणि डोळे उघडे ठेवून पत्र्याकडं बघत राहायचे.

जागे असायचे ते एकटे अप्पा. गाड्या सोडणं हे त्यांचं सरकारी काम. खरं काम उन्हावर नजर ठेवण्याचं.

त्यांच्याकडं पूर्वी म्हणे एक यंत्र होतं. दवाखान्यातून आणलेली तापाची काडी, खांबाला टांगलेली. "एकशे आठपर्यंत गेली," ते सांगायचे, "आन् तिथून पुढं नळीच संपली. पारा टोक फोडून बाहेर आला. मी डाक्टरला म्हणलं, तुमची काडी माणसापुरती हाय, उन्हाला कामाची न्हाई." तेव्हापासून त्यांनी यंत्रं सोडली. सकाळी लावलेली विभूती घामानं किती वाजता ओघळते, यावर दिवसाचा अंदाज. दहाच्या आत ओघळली तर दिवस बरा. ओघळलीच नाही, घाम जागच्या जागी सुकून विभूती कपाळाला चिकटून राहिली, तर दिवस वाईट. शिवाय दर तासाला छत्रीचं टोक रस्त्याच्या डांबरात रोवून बघायचे. "एक बोट गेलं. दीड बोट गेलं." ते सगळं वहीत लिहायचे.

उन्हाच्या त्यांनी जाती पाडल्या होत्या. वाऱ्याचं, धुळीचं, कानाशी भणभणणारं ते बोलकं ऊन. "ते शिव्या देतंय, पण समोरून देतंय," असं त्याचं वर्णन. भीती दुसऱ्याची. वारा पडलेला, पान हलत नाही, कावळा चोच उघडून बसलाय पण आवाज काढत नाही, असं पांढरं फटक ऊन पडलं की अप्पा खिडकीतून हळूच म्हणायचे, "मुकं ऊन पडलं बगा." तेवढं बोलतानाही ते आवाज उतरवायचे, जसं काही ते ऐकेल.

मुक्या उन्हात बारा ते तीन या वेळात फाट्यावरून पायी कुणी निघायचं नाही हा त्यांचा कायदा. गाडीतून उतरलेल्या, पुढं माळावरनं गावाकडं चालत जाणाऱ्या माणसांना ते अडवून ठेवायचे. एकदा अख्खी वरात अडवली. नवरदेव बाशिंग हातात घेऊन शेडमध्ये घामाघूम, त्याचे मामा अप्पांच्या खिडकीशी हातघाईवर.

"साडेबाराचा मुहूर्त आहे हो. दोन कोस जायचंय."

"गोरजावर लावा की," अप्पा म्हणाले. "मुहूर्त दुसरा भेटतो. नवरदेव दुसरा भेटंल का?"

"तुम्ही कोण आम्हाला सांगणारे?"

"मी कुणी न्हाई," अप्पा शांतपणे म्हणाले आणि माईक ओढून घेतला. "उतारूंनी लक्ष द्यावं. नवरदेवाचे मामा उन्हात निघून राहिलेत. ज्यांना त्यांच्यासंगं जायचं असंल त्यांनी लायनीत उभं ऱ्हावं."

लायनीत कुणी उभं राहिलं नाही. नवरदेव तर पहिला खाली बसला. लग्न दिवेलागणीला लागलं.

हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं आणि मी तसंच नेत होतो. कचेरीत जेवणाच्या सुट्टीत मी अप्पांच्या घोषणा करून दाखवायचो, सगळे पोट धरून हसायचे. एक गोष्ट मात्र मी कधी सांगितली नाही, कारण ती सांगताना हसू येत नव्हतं.

मुक्या उन्हाच्या दुपारी अप्पा बोलायचे थांबतच नसत. शेडमध्ये कुणी असो नसो, भोंगा चालू. "हा फाटा हाय. हितं सावली हाय, पाणी हाय. उदगीरची गाडी दोन वाजता. हा फाटा हाय." पुन्हा तेच. रिकाम्या माळावर तो आवाज जात राहायचा, कुठं आपटायचा नाही, परत यायचा नाही. आणि एखादा माणूस माळावरून चालत येऊन टेकला, की त्याच्या हातात तांब्या देत अप्पा पहिला प्रश्न एकच विचारायचे. "वाटंत कुणी भेटलं का?"

"न्हाई बा. या उन्हात कोण भेटतंय."

अप्पा मान हलवून वहीत काहीतरी लिहायचे. मी एकदा महेबूबभाईंना विचारलं, हे कुणाची वाट बघतात. महेबूबभाईंनी चहा गाळता गाळता माळाकडं पाहिलं. "वो बात नको पूछो, साब," एवढंच म्हणाले.

त्या सोमवारचं सांगतो.

जुन्या जिल्ह्यातली जास्तीची माणसं नव्या जिल्ह्यात वाटून द्यायचं चाललं होतं, आणि एकेका खुर्चीला तीन-तीन उमेदवार होते. माझ्या कायम नेमणुकीचा कागद सोमवारी संध्याकाळी पाचच्या आत सहीनिशी साहेबांच्या टेबलावर पोचायला हवा होता. घरी आईला ताप होता म्हणून मी रविवारी निघू शकलो नाही. सोमवारी साडेअकराला फाट्यावर उतरलो. बारा वाजता एका ट्रकवाल्यानं निरोप आणला, लातूरच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटलाय, ती संध्याकाळशिवाय येत नाही.

माळ ओलांडला की पलीकडं मोठा रस्ता होता. तिथून लातूरला गाड्या मिळायच्या. चालत तासाभराचं अंतर. मी पिशवी उचलली.

अप्पा खोलीतून बाहेर आले. त्यांच्या कपाळावरची विभूती जशीच्या तशी होती, एकही ओघळ नाही.

"तासाभराचा तर माळ आहे, अप्पा," मी म्हणालो. "माझी नोकरी आहे."

"तासाभराचाच हाय," ते म्हणाले. "तेच तर."

"तुम्ही वरात अडवली तसं मला अडवू नका."

ते माझ्याकडं बघत राहिले. भांडतील असं वाटलं होतं. पण त्यांनी स्वतःचा पंचा रांजणात बुडवून, न पिळता माझ्या डोक्याला गुंडाळला. खिशातून एक कांदा काढून माझ्या खिशात घातला. मग मला हाताला धरून वाटेच्या तोंडाशी आणलं.

"मी बोलत ऱ्हातो. माझा आवाज पाठीवर ठेवायचा. पाठीवर हाय तोवर तुमी सरळ चाललाव. तो जर तोंडावर आला, तर तुमी फिरलाव असं समजायचं. मग कुठं जायचं न्हाई. डोळ्यावर इश्वास ठेवायचा न्हाई. नुसतं आवाजावर यायचं."

"चकवा लागतो म्हणता?"

"चकवाबिकवा काई नसतंय," ते जरा चिडून म्हणाले. "माणसाच्या डोक्यातलं पाणी आटलं की डोळे आपल्या मनानं चित्रं काढतात. शास्त्र हाय ते."

मी निघालो. मागून आवाज सुरू झाला. "हा फाटा हाय. हितं सावली हाय."

पहिला अर्धा तास मी मजेत होतो. पाठीवर कुणी हात ठेवावा तसा आवाज होता. हळूहळू तो बारीक होत गेला. डोक्यावरचा पंचा खडखडीत वाळला. पायाखाली काळ्या मातीच्या भेगा होत्या, चौकोनी चौकोनी, सगळ्या एकसारख्या. मोठा रस्ता दिसायला हवा होता, तिथं पाणी दिसत होतं. मृगजळ मला ठाऊक होतं, त्याचं काही वाटलं नाही. वाटलं ते एवढंच, की माझ्या चपलांचा आवाज येत नाहीये. मी मुद्दाम पाय आपटून पाहिला. काही नाही. घाम यायचा थांबला होता आणि अंगावर काटा उभा राहिला होता, थंडीत राहतो तसा.

मग ती बाई दिसली. पुढं, दोन शेतांच्या अंतरावर. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर. गुडघ्याखाली ते खोटं पाणी हलत होतं, आणि त्यात पाय बुडवून ती चालली होती. मला बरं वाटलं. बाई चाललीय म्हणजे जवळ वस्ती असणार. मी तिच्यामागं चालू लागलो. भरभर चाललो. अंतर तेवढंच. थांबलो. ती थांबली नाही, पण लांबही गेली नाही. मी हाक मारली असावी. तिनं वळून पाहिलं नाही.

किती वेळ असा चाललो ते सांगता येणार नाही. सावली पायाखाली होती ती तिथंच होती. आणि मग मला भोंगा ऐकू आला.

"उतारू नवा जिल्हा. उतारू नवा जिल्हा. फाट्यावर यावं."

आवाज माझ्या तोंडासमोरून येत होता.

मी जागच्या जागी उभा राहिलो. ज्या बाजूला मी मोठा रस्ता समजून चाललो होतो, ज्या बाजूला ती बाई होती, तिकडूनच आवाज. मी मागं वळून पाहिलं. मागंही तोच माळ, तेच पाणी. डोळे म्हणत होते, आवाज खोटा आहे, फाटा मागं राहिला. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी नंतर आयुष्यात कशाचीच वाटली नाही. मग मी डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनी, हात पुढं करून, आंधळ्यासारखा आवाजाच्या दिशेनं चालत सुटलो. दोनदा पडलो. दर वेळी भोंगा म्हणायचा, "उतारू नवा जिल्हा, यावं. यावं. सावली हाय." आवाज चिरकला होता, मध्येच खोकत होता, पण थांबत नव्हता.

कुणीतरी मला बगलेत धरलं. "अप्पा," महेबूबभाईंचा आवाज आला, "आ गया तुम्हारा नवा जिल्हा."

भोंगा बंद झाला.

शुद्धीवर आलो तेव्हा शेडमध्ये ओल्या पोत्याखाली होतो, तळपायांना कांद्याचा रस चोळलेला. महेबूबभाई कैरीचं पन्हं चमच्यानं भरवत होते. साडेतीन वाजून गेले होते. अप्पा शेजारी जमिनीवर बसले होते. त्यांच्या घशातून आवाज फुटत नव्हता, नुसती हवा यायची.

नेमणुकीचं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. दुसऱ्या दिवशी घाबरत कचेरीत गेलो तर साहेबच दोन दिवस ऊन लागून अंथरुणात. माझा कागद कुणी मागितलाच नाही. आठवड्यानं मीच तो टेबलावर नेऊन ठेवला.

पण त्या वेळी मी पोत्याखाली होतो, आणि अप्पा वाकून माझ्या कानाशी आले.

"वाटंत कुणी भेटलं का?"

"एक बाई होती पुढं," मी म्हणालो.

महेबूबभाई चमचा ठेवून उठले आणि बाहेर गेले.

"लुगडं?"

"हिरवं."

अप्पा मागं सरून भिंतीला टेकले. मग त्या फाटक्या आवाजात, माझ्याकडं न बघता, सांगायला लागले.

"मोठ्या दुष्काळात मी हितंच होतो. खडी फोडायची कामं चालू होती, माणसं लई. एक बाई खिडकीशी आली. म्हणली, गाडी हाय का. मी वहीत लिहीत होतो, मान वर केली न्हाई. म्हणलं, गेली. ती म्हणली, मग कसं जाऊ. मी म्हणलं, चालत जा की, कितीसं लांब हाय." ते थांबले. "मग वर बगितलं तवा पाठ दिसली. अनवाणी होती. फुफाट्यात पाय टेकला की उचलायची, पुन्हा टेकायची. उड्या मारल्यावानी चालली होती. मला हसू आलं."

त्यांनी कोटाच्या बाहीनं तोंड पुसलं.

"दुसऱ्या दिवशी त्या वाटंच्या माणसाला सहज इचारलं, काल पावणी पोचली का. तो म्हणला, कोण पावणी. मग चारी गावं इचारली. कुठंच पोचली न्हाई. माळ हिंडलो, काई गावलं न्हाई. चौकीत गेलो, तर म्हणले, नाव काय, गाव काय, तक्रार कुणाची. मला काईच ठावं न्हाई. कुणी हुडकत आलं असतं तर नाव तरी कळलं असतं. कुणी आलंच न्हाई. एवढ्या वर्षांत एक माणूस आला न्हाई."

"म्हणून तुम्ही विचारता."

"कुणीतरी इचाराया पायजे का न्हाई?"

बाहेर ऊन उतरायला लागलं होतं. लिंबावर एक पाखरू बोललं.

"पाच-सात जणांना दिसली आजवर," अप्पा म्हणाले. "मला मातुर कधी दिसली न्हाई. मीबी उन्हात जाऊन बसून बगितलं, तासन्‌तास. घेरी येऊन पडलो, पण दिसली न्हाई. मला मालूम हाय, ते डोक्यातलं पाणी आटतंय. शास्त्र मला समजतंय." ते आणखी खाली वाकले. "पण तुमी शिकलेले हाव, नीट बगितलं असंल. तिच्या पायात काई होतं का?"

मी तिचे पाय पाहिले नव्हते. गुडघ्याखाली नुसतं पाणी हलत होतं.

"होतं," मी म्हणालो. "चप्पल होती, अप्पा."

"चप्पल?"

"जाड तळव्याची. टायरची असावी. आरामात चालली होती."

अप्पांनी यावर बराच विचार केला. ओठ हलवत मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं.

"टायरची टिकती," ते शेवटी म्हणाले. "फुफाट्यात टायरचीच बरी."

मग ते तिथंच, माझ्या पोत्याशेजारी, कोटासकट फरशीवर आडवे झाले. हात डोक्याखाली घेतला आणि बघता बघता झोपले. तोंड थोडं उघडं होतं, श्वास संथ चालला होता. महेबूबभाई शेडच्या तोंडाशी येऊन उभे राहिले, त्यांच्याकडं बघत राहिले आणि पावलं न वाजवता परत गेले.

पाच वाजून गेल्यावर लातूरची गाडी आली. ड्रायव्हरचा हात हॉर्नकडं गेलेला मला दिसला. मी भिंतीला धरत धरत उठलो, रस्त्यापर्यंत गेलो आणि हातानं नको म्हणून सांगितलं.

"काय झालं? अप्पा कुठायत? वहीवर सही कोण करणार?"

"जरा थांबा," मी म्हणालो. "निजलेत."

ड्रायव्हर खाली उतरला. शेडमध्ये डोकावून आला. मग त्यानं इंजिन बंद केलं, आणि शेडबाहेरच्या बाकावर मी टेकलो होतो तिथं येऊन बसला. गाडीत पंचवीस-तीस माणसं होती. अर्धा तास गाडी तशीच उभी होती, कुणी काही बोललं नाही.